बी1 इंग्रजी परीक्षेसाठी व्याकरण आणि शब्दांची उजळणी: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. येणारी मुलं-मुली बहुतेक मराठी माध्यमाची असतात. कुणी औशाहून, कुणी अंबाजोगाईहून, कुणी परभणी-हिंगोलीहून शिकायला आलेली आणि खोली करून राहिलेली. परीक्षा दोन महिन्यांवर आली की प्रत्येक तुकडीचे प्रश्न तेच असतात. त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही प्रश्नांना जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेकांचे गुण तिथेच जातात.

"मध्यम पातळी" म्हणजे नेमकी कोणती?

युरोप परिषदेने 2001 मध्ये भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2. मध्यम पातळी म्हणजे बी1 आणि तिच्यावरची बी2. बी1 आलेला माणूस ओळखीच्या विषयावर ईमेल लिहू शकतो, प्रवासात आपली अडचण सांगू शकतो, समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलला तर मुद्दा पकडू शकतो. या पानावर मी केंब्रिजची बी1 प्रिलिमिनरी ही परीक्षा डोळ्यांपुढे ठेवली आहे. उजळणीची रीत मात्र याच पातळीच्या दुसऱ्या परीक्षेलाही चालते.

या परीक्षेत वाचन 45 मिनिटं, लेखन 45 मिनिटं, श्रवण साधारण अर्धा तास आणि दोघादोघांच्या जोडीने होणारी तोंडी परीक्षा साधारण 12 मिनिटं असते. निकाल केंब्रिजच्या मोजपट्टीवर येतो. 140 मिळाले की बी1 उत्तीर्ण, आणि 160 किंवा त्याच्या वर गेलात तर प्रमाणपत्रावर बी2 पातळी लिहून येते.

व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही, मग व्याकरण कशाला करायचं?

वेगळा पेपर नाही हे खरं. पण वाचनाच्या पेपरचे शेवटचे दोन भाग बघा. पाचव्या भागात उताऱ्यात सहा जागा रिकाम्या असतात आणि प्रत्येकीला चार पर्याय दिलेले असतात. तिथे शब्दसंग्रह कळतो. सहाव्या भागातही सहाच जागा रिकाम्या, पण पर्याय नाहीत. एका जागी एकच शब्द तुम्ही स्वतः भरायचा. तिथे मोठे, भारदस्त शब्द लागत नाहीत. लागतात ते 'द', 'ऑफ', 'हॅज', 'हू', 'सिन्स', 'मच' असले बारके शब्द. पोरं हजार शब्द पाठ करून जातात आणि 'द'वर अडकतात.

लेखनात आशय, वाचणाऱ्यापर्यंत पोचणं, मांडणी आणि भाषा अशा चार गोष्टी बघतात, आणि प्रत्येकीला शून्य ते पाच गुण असतात. म्हणजे व्याकरणाची एखादी चूक झाली म्हणून सगळं बुडत नाही. पण काळच चुकला तर कधीची गोष्ट सांगताय तेच परीक्षकाला कळत नाही, आणि मग नुकसान एका गोष्टीपुरतं राहत नाही.

पहिल्या पानापासून सगळं व्याकरण पुन्हा करू का?

नको. उजळणीतली सगळ्यात महागडी चूक हीच. आपण पहिला धडा उघडतो, नाम-सर्वनाम वाचतो, ते सगळं आधीच येत असतं म्हणून बरं वाटतं, आणि जे येत नाही तिथे पोचेपर्यंत परीक्षा येते.

मी बीएड करत होते तेव्हा माझ्या निबंधावर तांबड्या शाईत नुसतं 'टेन्स' लिहून यायचं. कुठे चुकलं आणि का चुकलं, ते कुणी कधी सांगितलं नाही. पुढचा निबंध लिहिताना तीच चूक पुन्हा व्हायची. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी एक वही घ्यायला लावते आणि तिला आम्ही 'चुकांची वही' म्हणतो. पानाला उभ्या तीन रेघा मारायच्या. पहिल्या रकान्यात आपलं चुकीचं वाक्य, दुसऱ्यात बरोबर वाक्य, तिसऱ्यात ती चूक मराठीतल्या कोणत्या वाक्यातून आली ते, आणि शेवटच्या बारीक पट्टीत तारीख. सगळा जीव तिसऱ्या रकान्यात आहे.

केजकडच्या एका मुलीची वही मी जपून ठेवली आहे. तिच्या एका पानावर डावीकडे लिहिलंय, 'माय फादर इज फार्मर. दे वर्क इन फील्ड.' मधे, 'माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स इन द फील्ड.' आणि तिसऱ्या रकान्यात तिच्या बारीक अक्षरात, 'आपण बापाला "ते" म्हणतो. इंग्रजीत मान "ही"मध्येच आला, वेगळा द्यायचा नाही.' महिनाभराने तिने वही चाळली तेव्हा अर्ध्याहून जास्त चुका तीनच जातींच्या निघाल्या: 'अ' आणि 'द' गाळणं, 'सिन्स' आणि 'फॉर'ची गल्लत, आणि 'ही'च्या क्रियापदाचा 's' म्हणजे तो शेवटचा 'स'. तिने उजळणी त्या तीन गोष्टींचीच केली.

काळ डोक्यातच बसत नाहीत. कुठून सुरू करू?

तुमच्या घरच्या बोलीपासून. हे मी मनापासून सांगते, कारण शाळेत आपल्याला हीच बोली सोडायला सांगितलेली असते आणि इंग्रजी काळ शिकायला तीच सगळ्यात कामाची आहे.

'काय करायलास?' 'जेवायलो.' 'पाऊस पडायलाय.' लातूर-धाराशिवकडे 'करूलालो', 'येऊलालो' असंही ऐकू येतं. हे रूप आत्ता, या क्षणी चाललेल्या कामासाठी आपण बिनचूक वापरतो. 'मी रोज शेतात जातो' आणि 'मी शेतात जायलो' यांची गल्लत आपल्याकडचं सहा वर्षांचं लेकरूही करत नाही. इंग्रजीत पहिलं 'आय गो टू द फार्म एव्हरी डे', दुसरं 'आय ॲम गोइंग टू द फार्म'. वाक्य लिहिण्याआधी ते घरच्या बोलीत मनात म्हणून बघा. 'जायलो' आलं की 'गोइंग', 'जातो' आलं की 'गो'.

तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात तर याचा थेट उपयोग होतो. तिथे एक फोटो देतात आणि त्यात काय दिसतंय ते साधारण मिनिटभर सांगायचं असतं. बाई भाजी विकायलीय, पोरगं रडायलंय, दोघं जण छत्री धरून थांबलेत. मनात असं म्हणा आणि तोंडाने 'अ वुमन इज सेलिंग व्हेजिटेबल्स, अ चाइल्ड इज क्रायिंग' असं चालू द्या.

एके ठिकाणी मात्र बोली फसवते. 'मला समजायलंय', 'मला वाटायलंय', 'मला दिसायलंय' हे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत जाणणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं ही कामं चालू नसतात, ती स्थिती असते. म्हणून 'आय अंडरस्टँड', 'आय थिंक', 'आय कॅन सी'. 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' हे चूक, 'आय हॅव टू सिस्टर्स' बरोबर. ही दहा-बारा क्रियापदं वहीच्या मलपृष्ठावर लिहून ठेवा: नो, अंडरस्टँड, बिलीव्ह, लाइक, लव्ह, हेट, वाँट, नीड, बिलाँग, ओन, सीम.

आणि 'जायचो'? 'लहानपणी आम्ही मांजरा नदीत पोहायला जायचो.' हे तर आयतं 'यूज्ड टू' आहे: 'वी यूज्ड टू स्विम इन द मांजरा.' जिथे मराठीत '-यचो, -यची, -यचे' येतं आणि आता ती सवय उरलेली नाही, तिथे 'यूज्ड टू' टाका.

'सिन्स' आणि 'फॉर' यांत नेहमी चुकतं.

चुकणारच, कारण मराठीत दोन्हींना 'पासून' आहे. '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजी विचारतं, सुरुवात कधी झाली ते सांगताय की किती काळ गेला ते सांगताय? सुरुवातीच्या खुणेला 'सिन्स': सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. मोजलेल्या काळाला 'फॉर': फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू वीक्स.

पण खरी चूक त्याच्या आधीच झालेली असते. 'मी सातवीपासून लातुरात राहतो' यात मराठी क्रियापद वर्तमानात आहे. म्हणून आपण 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स' लिहितो. इंग्रजीत गोष्ट मागे सुरू होऊन आजपर्यंत आली असेल तर 'हॅव' लागतंच: 'आय हॅव लिव्ड इन लातूर सिन्स सेव्हन्थ स्टँडर्ड', नाहीतर 'आय हॅव बीन लिव्हिंग'. आणि वाक्यात काल, परवा, गेल्या वर्षी, 2022 मध्ये असा संपलेला काळ नावानिशी आला, की 'हॅव' काढून टाकायचं. 'आय हॅव सीन वेरूळ' चालतं. 'आय हॅव सीन वेरूळ लास्ट मंथ' चालत नाही, तिथे 'आय सॉ'.

जर-तरच्या वाक्यांत काय गडबड होते?

हे एक उदाहरण नीट बघा. 'उद्या पाऊस पडला तर आम्ही पेरणी करू.' गोष्ट उद्याची, आणि मराठी क्रियापद 'पडला', म्हणजे भूतकाळाचं रूप. आपल्याला ते खटकतही नाही. पण तेच रूप इंग्रजीत नेलं की 'इफ इट रेन्ड टुमॉरो' होतं, आणि काही जण नियम आठवून 'इफ इट विल रेन' करतात. बरोबर वाक्य साधं आहे: 'इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल सो द सीड्स.' 'इफ'च्या बाजूला साधा वर्तमानकाळ, दुसऱ्या बाजूला 'विल'. 'व्हेन', 'ॲज सून ॲज', 'अनटिल' यांच्या मागेही असंच. 'बाबा आले की मी निघेन' म्हणजे 'व्हेन माय फादर कम्स, आय विल लीव्ह'.

कल्पनेचं वाक्य वेगळं. 'माझ्याकडे विहीर असती तर मी ऊस लावला असता.' मराठीत हे एकच वाक्य आजच्या कल्पनेलाही चालतं आणि गेल्या वर्षीच्या हळहळीलाही. इंग्रजी दोन्ही वेगळं सांगतं. आजची कल्पना असेल तर 'इफ आय हॅड अ वेल, आय वुड ग्रो शुगरकेन'. बी1ला एवढं पक्कं हवं. गेल्या वर्षीच्या हळहळीचं 'वुड हॅव' बी2कडे जाताना करा.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांचं काही सोपं करून सांगता येईल का?

येईल, आणि त्यात आपली लिपीच मदतीला येते. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. युनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. अवर 'अ'ने, म्हणून 'ॲन अवर'. ऑनेस्ट मॅन, म्हणून 'ॲन'. वन-रुपी कॉइन 'व'ने, म्हणून 'अ'. एमएलए 'ए'ने, म्हणून 'ॲन एमएलए'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघणारी मुलं इथे फसतात, ऐकू येईल तसं देवनागरीत लिहिणारी फसत नाहीत.

'द' कुठे, हे आजीच्या गोष्टीतून घ्या. 'एका गावात एक म्हातारी राहत होती. त्या म्हातारीकडे एक शेळी होती. ती शेळी रोज पळून जायची.' पहिल्यांदा 'एक' म्हटलं तिथे 'अ', पुन्हा आली तेव्हा 'ती' किंवा 'त्या' म्हटलं तिथे 'द'. मराठीत 'ती' कधी कधी गाळतो, इंग्रजीत गाळायचं नाही.

मोजता न येणाऱ्या गोष्टींना 'अ' नको. यात मराठी अर्धी साथ देते. 'माहिती'चं अनेकवचन आपण करत नाही, 'सामाना'चंही नाही, म्हणून 'इन्फर्मेशन' आणि 'लगेज' लक्षात राहतात. 'सल्ला'चं मात्र 'सल्ले' होतं आणि 'केस' तर मराठीत अनेकवचनीच आहेत, म्हणून 'ॲडव्हाइसेस' आणि 'हेअर्स' ही रूपं हातून निघतात. दोन्ही चूक. सल्ले मोजायचेच असतील तर 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'.

नद्यांना 'द' लागतो: द गोदावरी, द मांजरा, द पूर्णा. गावांना नाही. खेळांना नाही, जेवणाच्या वेळांना नाही.

शब्दयोगी अव्ययं पाठ करायची का?

एकेकटी करून उपयोग नाही. आपला 'ला' बघा: नांदेडला राहतो, नांदेडला जातो, पाच तारखेला येतो, कुत्र्याला घाबरतो. इंग्रजीत चारही ठिकाणी वेगळं: लिव्ह इन नांदेड, गो टू नांदेड, ऑन द फिफ्थ, अफ्रेड ऑफ द डॉग. म्हणून शब्द त्याच्या शेपटीसकट लिहायचा. 'अफ्रेड' नव्हे, 'अफ्रेड ऑफ'. 'मॅरीड टू', कारण '-शी लग्न'मुळे हात 'विथ'कडे जातो. 'गुड ॲट'. 'वेट फॉर'. आणि दोन शब्द शेपटीशिवाय: 'डिस्कस', 'रीच'. '-विषयी चर्चा' आणि '-ला पोचलो' यांमुळे आपण त्यांना 'अबाउट' आणि 'टू' जोडतो. जोडायचं नाही.

वेळेचं एवढं पुरेल: ॲट फाइव्ह ओक्लॉक, ऑन संडे, इन जून, आणि अपवाद म्हणून ॲट नाइट.

किती शब्द पाठ केले पाहिजेत?

आकडा धरू नका. रोज आठ-दहा शब्द, पण ते स्वतःच्या वाक्यात वापरता आले पाहिजेत. यादीतला शब्द ओळखता येणं वेगळं आणि बोलताना तो तोंडावर येणं वेगळं.

आज पाठ केलेलं परवा विसरतं. काय करू?

हे सगळ्यांचंच होतं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि नंतर त्याचा वेग कमी होतो. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, पुढची जरा लांबवली तरी चालते. आणि उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणं नव्हे. पान झाकून आठवून बघणं. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, झाकल्यावर खरं कळतं.

सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये यासाठी खोक्याची रीत मांडली. आम्ही ती चपलांच्या खोक्यात करतो. आत पुठ्ठ्याचे तुकडे उभे लावून पाच कप्पे करायचे. जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून कार्डं करायची. ती जाड असतात, घामाच्या हातानेही मऊ पडत नाहीत. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरा दिवसांनी काढायचा.

कार्डावर नुसता शब्द लिहू नका. 'बॉरो = उसना घेणे' असं लिहिलं की 'लेंड'शी गल्लत होतेच. त्यापेक्षा एका बाजूला 'शेजाऱ्याकडून पंप उसना घेतला' आणि मागे 'आय बॉरोड अ पंप फ्रॉम माय नेबर'. दुसऱ्या कार्डावर 'शेजाऱ्याने मला पंप उसना दिला', मागे 'माय नेबर लेंट मी अ पंप'. रिमेंबर-रिमाइंड, लर्न-टीच, ब्रिंग-टेक यांचीही अशीच जोडकार्डं करा.

मराठीत रोज वापरतो ते इंग्रजी शब्द तरी येतात ना?

त्यातले बरेच इकडे येऊन बदलले आहेत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. 'हॉटेलात चहा घेतला' म्हणतो तेव्हा आपलं हॉटेल म्हणजे खाण्याची जागा. इंग्रजीत 'होटेल' म्हणजे मुक्कामाची जागा, आणि चहाचं ते 'कॅफे' किंवा 'रेस्टॉरंट'. श्रवणाच्या पेपरमध्ये कुणी 'होटेल'चं बोलत असेल तर ते खोलीचं चाललंय, जेवणाचं नव्हे. 'पार्सल न्यायचंय' म्हणजे 'टेकअवे'. 'पेशंट सीरियस आहे' म्हणजे 'सीरियसली इल'. 'लाइट गेली' म्हणजे 'देअर वॉज अ पॉवर कट', आणि हे वाक्य तर आपल्याला लागणारच. 'एक लेडीज आली होती' यात एकीसाठी 'लेडी' किंवा 'वुमन'. 'पास आउट झालो' म्हणजे 'आय ग्रॅज्युएटेड', कारण इंग्लंडात 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणं.

'करणे'ला कुठे 'डू' आणि कुठे 'मेक'?

नियम शोधत बसू नका, जोड्या लिहा. डू होमवर्क, डू अ कोर्स, डू द शॉपिंग. मेक अ मिस्टेक, मेक अ डिसिजन, मेक अ प्लॅन, मेक फ्रेंड्स. याच पानावर 'टेक' आणि 'हॅव'ही घ्या. मराठीत फोटो 'काढतो', इंग्रजीत 'टेक अ फोटो'. मराठीत परीक्षा 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'आय गेव्ह माय एक्झाम' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परीक्षेच्या कागदावर 'आय टुक' लिहा. पाचव्या भागातल्या चार पर्यायांत नेमक्या अशाच जोड्या येतात.

'गिव्ह अप', 'रन आउट ऑफ' असली क्रियापदं भीती घालतात.

मराठीत त्यांची भावंडं आहेत. 'सोडणे' आणि 'सोडून देणे' एक नव्हे, 'टाकणे' आणि 'टाकून देणे' एक नव्हे. शेवटचा तो 'देणे' अर्थ वळवतो, तसंच इंग्रजीत 'अप', 'आउट', 'ऑफ' अर्थ वळवतात. बी1ला वीस-पंचवीस पुरतात: गिव्ह अप, लुक आफ्टर, लुक फॉर, रन आउट ऑफ, गेट ऑन विथ, टर्न ऑन, टर्न डाउन, फाइंड आउट, पिक अप, पुट ऑफ, सेट ऑफ. एकेकीचं आपल्या घरातलं वाक्य करा. 'वी रॅन आउट ऑफ वॉटर इन मे' हे इकडच्या कुणालाच पुन्हा पाठ करावं लागत नाही.

घरी इंग्रजी बोलणारं कुणीच नाही. मी मागे पडेन का?

इथल्या बहुतेक घरांत नाहीच. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि शिक्षणात उर्दूचं वजन होतं. आजही कितीतरी घरांत आजोबांची उर्दू चांगली निघते. पुढच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून मिळालं. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 मध्ये. तेव्हा घरात बोलणारं नसणं हा तुमचा दोष नाही.

मोबाईल समोर ठेवा आणि रोज दोन मिनिटं दिवसाचा हिशेब इंग्रजीत बोलून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐका आणि चुका वहीत उतरवा. वर्गातली एक मुलगी सुट्टीत गावी कापूस वेचायला जायची. ती खोक्यातल्या कार्डांची वाक्यं आपल्याच आवाजात भरून न्यायची: आधी मराठी, मग चार सेकंद गप्प, मग इंग्रजी. त्या चार सेकंदांत ओळीत उभी राहून उत्तर म्हणायची. गप्प राहण्याची ती जागा सोडू नका, शिकणं त्या जागेत होतं. तोंडी परीक्षाही जोडीने असते, म्हणून एक जोडीदार शोधा आणि फोनवर आठवड्यातून दोनदा बोला.

मोबाईलवर फुकट काय वापरता येईल?

बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश ही दोन पुरेशी आहेत. लिहिलेलं तपासायला केंब्रिजचं राइट अँड इम्प्रूव्ह आहे. कार्डांसाठी अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट मिळतं. रेंज नसेल तिथे आपलं खोकं बरं.

हाती सहाच आठवडे आहेत आणि शेतीची कामंही आहेत. कसं बसवू?

रोज तासभर, पण तुकड्यांत. पहाटे, डोकं ताजं असताना, पंचवीस मिनिटं वहीतली एकच चूक घेऊन दहा वाक्यं लिहा. उन्हाळ्यात तर दुपारी इकडे बसवतच नाही. दिवसा कामाच्या मधे दहा मिनिटं कार्डं. रात्री वीस मिनिटं ऐकणं किंवा वाचणं. झोपायच्या आधी झाकून आठवणं.

पहिल्या आठवड्यात एक जुना पेपर वेळ लावून सोडवा. तो गुणांसाठी नाही, वही भरण्यासाठी. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात वहीतल्या सगळ्यात मोठ्या तीन चुका. पाचव्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी पूर्ण पेपर. सोयाबीनच्या काढणीत चार दिवस खंड पडला तर पडू द्या, पण खोक्याचा पहिला कप्पा तेवढा रोज काढा.

ईमेल लिहिताना काय सांभाळू?

साधारण 100 शब्द. दिलेल्या ईमेलच्या बाजूला चार टिपणं असतात, चारही मुद्द्यांना उत्तर हवं. एक सुटला की आशयाचे गुण जातात, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि पूर्ण ईमेल न वाचता फक्त आपल्या तीन चुका शोधत जा. माझ्या मुलांनी त्या पाच मिनिटांत जेवढे गुण वाचवले, तेवढे नवीन शब्दांनी मिळवले नाहीत.

स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन?

दोन्ही चालतात. एकाच उत्तरात मिसळू नका.

उत्तर येत नसेल तर जागा कोरी ठेवू का?

ठेवू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सहाव्या भागात काहीच सुचलं नाही तर रिकाम्या जागेच्या आधीचा आणि नंतरचा शब्द बघा. पुढे नाम असेल तर 'अ' किंवा 'द' बसवून बघा, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर 'हॅव', 'हॅज' किंवा 'वॉज', मागे माणसाचं नाव आणि पुढे क्रियापद असेल तर 'हू'. मग वाक्य मनात एकदा म्हणा आणि लिहून टाका.